गोष्ट वाचली तर किती स्टार?

आज संध्याकाळी लेक विचारते, "आई, हे गोष्टीचं पुस्तक अख्खं वाचलं तर किती स्टार?"

दुसरीतली पोर. दिवाळीपर्यंत हीच बया हातातलं पुस्तक काढून घेतलं की भोकाड पसरायची. आता वर्गात तक्ता लागलाय. सगळ्यांची नावं, नावापुढे स्टार, आणि दर शुक्रवारी त्याचा फोटो पालकांच्या ग्रुपवर. खाली अंगठेच अंगठे. ज्या पोराच्या नावापुढे एकच स्टार, त्याच्या आईनेही अंगठा द्यायचा. शाळा म्हणते, हे बालमानसशास्त्र आहे.

डोंबलाचं मानसशास्त्र! १९७३ साली मानसशास्त्रज्ञ मार्क लेपर आणि सहकाऱ्यांनी अमेरिकेतल्या स्टॅनफर्ड विद्यापीठाच्या बालवाडीत नेमकं हेच तपासलं होतं. स्केचपेनने चित्रं काढायची मुळातच आवड असलेली मुलं घेतली. काहींना आधीच सांगितलं, चित्र काढलंत तर प्रशस्तिपत्रक मिळेल. नंतर मोकळ्या वेळात तीच मुलं स्केचपेनला कमी हात लावू लागली. ज्यांना न सांगता अचानक बक्षीस दिलं, त्यांची आवड शाबूत. आधी सौदा ठरला की वाट लागते.

आमच्या जिल्हा परिषदेच्या शाळेत गणिताच्या बाई होत्या. सातवीत सरळव्याजाचं एक उदाहरण माझं सपशेल चुकलं. बाईंनी वही पाहिली, फळ्यापाशी बोलावलं. "उत्तर राहू दे. इथवर कशी आलीस ते सांग." सांगता सांगता माझी चूक मलाच दिसली. बाई नुसत्या "हं" म्हणाल्या. घरी जाऊन मी न दिलेली गणितंसुद्धा सोडवत बसले.

हो, पाढ्यांसारख्या रटाळ कामाला एखादा स्टार चालतो, मान्य. एका बाईंना चाळीस-पन्नास पोरं सांभाळावी लागतात, तेही मान्य. पण आमच्या बाईंपुढे काय पाच होती?

आणि हे सगळं आपल्याला परदेशातून शिकावं लागतं, याचाच जास्त राग येतो. कोसबाडला गुरं राखणारी आदिवासी पोरं शाळेत येईनात, तेव्हा बालशिक्षणाचं काम करणाऱ्या ताराबाई मोडक आणि अनुताई वाघ यांनी शाळाच कुरणात नेली. आधी पोरांचं काय अडतंय ते पाहिलं.

लेकीच्या बाईंवर माझा राग नाही, खरंच नाही. तरुण आहेत, तक्ता वरून आलेला असणार. त्यांनीच मागे हिच्या चित्राखाली पेन्सिलीने लिहिलं होतं, "हत्तीला चष्मा का?" त्या रात्री जेवणं थंड झाली, पण हत्तीच्या डोळ्यांचं पुराण संपेना. आमच्या बाईंचं "कशी आलीस ते सांग" तरी दुसरं काय होतं? म्हणजे यांना येतंय की! मग कशाला हवेत ते चिकटवायचे तारे?

शनिवारी पालकसभा आहे. तक्ता काढा म्हणणार आहे, निदान तो शुक्रवारचा फोटो तरी बंद करा. आणि ग्रुपवरच्या आयांनो, मला खासगीत "अगदी खरंय गं" पाठवता ना, त्या दिवशी जरा सगळ्यांसमोर तोंड उघडा.