खांबाचं तिकीट

मला बघायला आले तेव्हा नानांनी, म्हणजे सासऱ्यांनी, स्वयंपाकाचं काही विचारलंच नाही. "मल्लखांबावरचा दसरंग येतो का?" एवढंच म्हणाले. मी दोरीच्या मल्लखांबावर वाढलेली. म्हटलं, येतो. लग्न ठरलं. तेव्हापासून गणपतीत आणि पुढे जत्रांच्या दिवसांत नाना, आमचे हे, मी, दोन पोरं आणि सहावा खांब अशी आमची वरात गावोगाव हिंडते आहे. खेळ वीस मिनिटांचा. बाकी सगळा हमालीचा धंदा.

पुरलेला मल्लखांब जमिनीच्या वरच साडेआठ फूट, तो काही कोणी बरोबर नेत नाही. टांगता नेतो. साखळी-हुकासकट. त्याला ओरखडा उठू नये म्हणून नाना तो आपल्या जुन्या पांढऱ्या धोतरात गुंडाळतात आणि सुतळीने तीन ठिकाणी बांधतात. हे पुढून धरतात, नाना मागून, मी पिशव्या घेऊन खाली मान घालून मागोमाग. स्टँडवर माणसं आपोआप वाट देतात. एकदा एका आजींनी तर हात जोडले आणि मला हळूच विचारलं, "कोण गेलं वो?"

कंडक्टर एवढे भाविक नसतात. "ह्याचं लगेज पडंल."

"लगेज नाही हो, घरातला आहे तो," नाना म्हणाले.

"मग फुल तिकीट घ्या."

खांबाला एरंडेल चोळावं लागतं, नाहीतर अंगाची सालटी निघतात. ते एरंडेल प्रवासात बाटलीतून पिशवीत, पिशवीतून भडंगात आणि भडंगातून पोरांच्या पोटात कसं गेलं, आणि त्या दिवशी ड्रायव्हरला गाडी किती वेळा थांबवावी लागली, हे मी इथे सांगत नाही. ज्यांच्या आजीने लहानपणी एरंडेल पाजलंय त्यांना कळेल.

बरं, गावात पोचलो की आग्रह. खेळ पाचला आणि पंगत तीनला. "खेळाडू माणसं तुम्ही, हे काय खाणं झालं?" म्हणत वाढपी जिलबी वाढतो. नको म्हणून पानावर आडवा हात धरला तर हातावर वाढतो. पाच वाजता मी दोरीवर उलटी. सुईदोरा हा आमच्यातला एक सफाईदार प्रकार. मी तो सुरू करायच्या आधीच जिलबीने आत करून दाखवलेला असतो.

त्यात निवेदक. एका पोराने माइकवर सांगितलं, "आता सादर होत आहे आपला देशी पोल डान्स!" मी तेव्हा दोरीवर चढलेली होते. नानांनी माइक काढून घेतला आणि थेट पेशवाईत शिरले. दुसरा बाजीराव, निजामाकडून आलेले अली आणि गुलाब हे पहिलवान, त्यांचं आव्हान घेणारे, मल्लखांबाचे आद्यगुरू मानले जाणारे बाळंभटदादा देवधर. दोर पायाचा अंगठा आणि शेजारचं बोट यांच्या चिमटीत धरायचा असतो; बाळंभटदादांची तालीम संपेपर्यंत माझा अंगठा काळानिळा झाला. वाटलं, आता सुटले. तर नाना १९३६च्या बर्लिन ऑलिंपिककडे वळले. अमरावतीच्या हनुमान व्यायाम प्रसारक मंडळाच्या पथकाने तिथे मल्लखांब दाखवला होता, हे खरंच आहे. पण नाना असं सांगतात की खांब तिथवर त्यांनीच एस.टी.ने नेला असावा.

आणि या सगळ्यावर कडी म्हणजे बाटल्या. निराधार मल्लखांबात खांब असलेला पाट काचेच्या बाटल्यांवर ठेवतात आणि वर माझा धाकटा चढतो. बाटल्या एका मापाच्या हव्यात. बरोबर नेल्या तर एस.टी.त फुटतात, म्हणून त्या गावातच शोधायच्या. आणि एका उंचीच्या चार रिकाम्या बाटल्या गावात कुठे मिळतात, हे काय सांगायला हवं? सुपारीसुद्धा न खाणारे आमचे नाना पहाटे परमिट रूमच्या मागच्या बाजूला उकिडवे बसून फूटपट्टीने बाटल्या मोजत असतात. संध्याकाळी तेच नाना माइकवरून तरुणांना निर्व्यसनी राहायला सांगतात. मागून कोणीतरी हमखास ओरडतं, "आन् सकाळी काय करत हुता मग?"

गेल्या वर्षी एका तरुण मंडळाने मोठ्या मनाने कळवलं, "बाटल्यांची काळजी करू नका, आम्ही सोय केली आहे." गेलो. खरोखरच सहा बाटल्या ओळीने मांडलेल्या. एका मापाच्या, एका कंपनीच्या. फक्त भरलेल्या होत्या.

"खेळ झाला की रिकाम्या करू, नाना," अध्यक्ष लाजत म्हणाले.

"छे, रिकाम्याच लागतात," म्हणत नानांनी एकेकीचं बूच काढलं आणि सगळ्या मोरीत उपड्या केल्या. पंधरा कार्यकर्ते भोवती उभे होते. दहा दिवसांच्या गणपतीचं विसर्जन करतानाही मी माणसं एवढी गहिवरलेली पाहिली नाहीत.

खेळ मात्र रंगला. धाकटा वर पद्मासन घालून बसला, खाली एकही बाटली हलली नाही. टाळी त्यांच्यापैकी एकानेही वाजवली नाही.