पहिले तीस दिवस फक्त अपघात

आमच्या घरात माणसं दोन. आई, वय ७४, शुगर, गुडघे आणि एक स्टेंट. मी, वय ४७, बीपीची एक गोळी. यातल्या आईला ५ लाखांचं हेल्थ इन्शुरन्सचं कव्हर फुकट मिळालं आणि मला विकतसुद्धा मिळेना.

आईचं सोपं होतं. ऑक्टोबर २०२४ पासून ७० च्या पुढच्या सगळ्यांना आयुष्मानचं वयवंदना कार्ड मिळतं, उत्पन्न-बित्पन्न कोणी विचारत नाही. आधार दाखवलं, झालं. आणि त्यात आधीचे आजार पहिल्या दिवसापासून चालतात, म्हणजे तिचा स्टेंट, शुगर सगळं मान्य. तेव्हापासून ती ते कार्ड पर्समध्ये एटीएम कार्डाच्या पुढच्या कप्प्यात ठेवते आणि मला म्हणते, "तुझं झालं का गं काही?"

माझं काही होत नव्हतं. नोकरी सोडली त्या दिवशी एचआरने लॅपटॉप घेतला, आयडी घेतलं आणि जाता जाता सांगितलं की मॅडम ग्रुप मेडिक्लेम आजपर्यंतच हं. इतकी वर्षं तो मेडिक्लेम आपल्याला आहे हे फक्त दरवर्षी नवीन कार्डाची पीडीएफ आली की आठवायचं. आता घरून फ्रीलान्स अकाउंट्सची कामं करते, म्हणजे बॉसही मी आणि एचआरही मीच, आणि ही एचआर अगदीच बिनकामाची निघाली.

मग काय, सगळे करतात तेच केलं, पॉलिसी कम्पेअर करायच्या साइटवर गेले. तिथे ठळक अक्षरात "महिना अमुक रुपयांपासून", आकडा बघून वाटलं अरे एवढंच? तर ते "पासून" कुठल्यातरी पंचविशीतल्या, गोळी न खाणाऱ्या मुलापासून असतं. आपलं वय टाकलं की आकडा हलतो, शहर टाकलं की अजून हलतो, आणि पुढचं बघायचं तर मोबाइल नंबर द्या. दिला. ओटीपी टाकून बोट उचलतेय तोवर फोन वाजला. "मॅम, आप हेल्थ इन्शुरन्स देख रही थीं?" अहो अजून बघतेच आहे, पान लोड होतंय! शिवाय ती साइट मला सारखी नवरा आणि मुलं ॲड करायला सांगत होती. एवढ्या आग्रहाने तर आमच्या आत्यासुद्धा कधी मागे लागल्या नव्हत्या.

शेवटी मावसभावाला बोलावलं, तो एजंट आहे. तो म्हणाला, "ताई, प्रीमियम बघू नकोस, आधी रूम रेंट बघ." स्वस्तात जी सापडली होती तिच्यात रूम रेंटला, म्हणजे खोलीच्या भाड्याला, मर्यादा कव्हरच्या १ टक्का. ५ लाखांची पॉलिसी म्हणजे दिवसाला ५ हजार. मी म्हणलं मग वरचे आपण भरू, त्यात काय. तर तसं नसतं! तुम्ही १० हजारांची खोली घेतलीत तर फक्त खोलीचे पैसे कापत नाहीत, सर्जनची फी, ओटीचा चार्ज, सगळंच त्याच प्रमाणात निम्मं, कारण हॉस्पिटलात खोली बदलली की त्याच डॉक्टरच्या त्याच ऑपरेशनचा रेटही बदलतो. नशीब औषधांना तरी हा नियम लागत नाही. आई हे ऐकत होती, ती म्हणाली, "मग जनरल वॉर्डात जा की, गप्पा तरी होतील."

मग आरोग्य संजीवनी बघितली. ही सरळ बाई आहे. एप्रिल २०२० मध्ये आली, सगळ्या कंपन्यांकडे तीच पॉलिसी, नियम तेच, फक्त भाव ज्याचा त्याचा, त्यामुळे कम्पेअर करायला डोकं लागत नाही. पण दर क्लेममध्ये ५ टक्के आपले, खोलीला दिवसाला जास्तीत जास्त ५ हजार, आणि मोतीबिंदूला एका डोळ्याचे ४० हजारांपर्यंतच. ठाण्यात ५ हजारांत सिंगल रूम कुठे मिळते ते मला कोणीतरी सांगा, मी आजारी नसतानाही राहायला जाईन. महात्मा फुले योजना आहेच म्हणा, ती आता सगळ्यांना आहे, पण यादीतले उपचार आणि यादीतलीच हॉस्पिटलं. आमच्या कोपऱ्यावरचं हॉस्पिटल, जिथे आम्ही रिक्षाही न करता जातो, ते नेमकं त्या यादीत नाही.

खरी मजा वेटिंग पिरियडची. बहुतेक सगळ्या पॉलिसीत पहिले तीस दिवस कुठलाच आजार चालत नाही, फक्त अपघात. मोतीबिंदू, हर्निया, मूळव्याध, मुतखडा यांना दोन वर्षं. आणि बीपीसारखं जे आधीपासून आहे त्याला तीन वर्षांपर्यंत, तेही एप्रिल २०२४ पासून, आधी चार होती. मावसभावाने याची यादी वहीच्या पानावर लिहून दिली आणि आईने ते पान फ्रिजवर लावलं, पंचांगाशेजारी. "म्हणजे या महिन्यात पडायचंच असेल तर जिन्यावरून पड," ती म्हणाली, "ताप-बिप आणू नकोस. मुतखडा झाला तर भरपूर पाणी पिऊन दोन वर्षं ढकल." एवढं माझ्या लग्नाचंसुद्धा नियोजन तिने कधी केलं नव्हतं.

यादीवरून आठवलं, पॉलिसीच्या शेवटी एक यादी असते, कंपनी काय देणार नाही त्याची. ग्लोव्हज नाही, डायपर नाही, टीव्हीचे पैसे नाहीत, इंटरनेट नाही, मिनरल वॉटर नाही, आणि त्यातच "ब्यूटी सर्व्हिसेस" नाहीत. ॲडमिट झालेलं कोण फेशियल करून घेतं? पण यादीत आहे म्हणजे कोणीतरी बिल लावलं असणार ना, त्या बाईला माझा नमस्कार.

प्रपोजल फॉर्म भरायला घेतला तेव्हा शेजारच्या काकू आल्या होत्या. बीपीच्या रकान्यापाशी मी थांबले तशा त्या म्हणाल्या, "गोळी घेतल्यावर नॉर्मलच असतं ना तुझं? मग नॉर्मल लिही." यात खोट काढून दाखवा. मावसभाऊ मात्र किंचाळलाच, "काकू, नको! क्लेमच्या वेळी हॉस्पिटलच्या पेपरवर डॉक्टर सगळ्यात आधी तेच लिहितात, बीपी किती वर्षांपासून, कुठली गोळी. मग क्लेमही गेला आणि पॉलिसीही गेली." एजंट असून माझ्या प्रीमियमपेक्षा माझ्या क्लेमची काळजी करणारा हा माणूस धंदा कसा करतो देव जाणे. लिहिलं, टेल्मिसार्टन ४०, रोज सकाळी एक.

मग कंपनीच्या डॉक्टरांचा फोन. कॉल रेकॉर्ड होतोय म्हणाले. चक्कर येते का, नाही. छातीत दुखतं का, नाही. कुठलं ऑपरेशन, नाही. कधी सलग सात दिवसांपेक्षा जास्त औषध घेतलंय का, तेवढ्यात स्वयंपाकघरातून आई, "अगं दहावीत कावीळ झाली होती ते सांग! महिनाभर झाडपाला चालू होता!" डॉक्टर म्हणाले, "मागून कोण बोलतंय?" म्हणलं आई. तर म्हणाले, "त्यांनाच द्या फोन." पुढची वीस मिनिटं त्या दोघांनी माझ्या गोवरापासून सुरुवात केली. फोन ठेवताना आई त्यांना म्हणाली, "मला नाही लागत हो पॉलिसी, माझं कार्ड आहे."

आठवड्याने मेल आला. पॉलिसी द्यायला तयार, पण बीपीसाठी प्रीमियमवर लोडिंग, म्हणजे वरून जादा पैसे. आता यातली गंमत अशी की २२ सप्टेंबर २०२५ पासून वैयक्तिक हेल्थ पॉलिसीवरचा १८ टक्के जीएसटी शून्य झाला, मी त्या आनंदात होते, आणि लोडिंग साधारण तेवढंच निघालं. सरकारने सोडलं ते माझ्या रक्तदाबाने वसूल केलं. इन्कम टॅक्समध्ये प्रीमियम ८०डी कलमाखाली वजा करावा म्हणलं तर मी नवीन रिजीममध्ये, तिथे ते चालत नाही.

तरी भरले पैसे. १० लाखांची घेतली, रूम रेंटला मर्यादा नाही, आकडा असा की आईला निम्माच सांगितलाय, तरी तिने पदर तोंडाला लावला. पॉलिसी वाचून पसंत नसेल तर तीस दिवसांत परत करता येते म्हणे. म्हणजे पहिले तीस दिवस ते मला आजारी पडू देणार नाहीत आणि त्याच तीस दिवसांत मी त्यांना सोडू शकते.

सध्या तोच महिना चालू आहे. काल मला दोनदा शिंक आली तर आईने आधी फ्रिजवरचं पान बघितलं, मग माझ्याकडे, आणि काढा करायला उठली. रिक्षातून मात्र कशीही जा म्हणते, ते कव्हर्ड आहे.