माया पुरे, आता शिवणारीचं नाव लिहा

मंडळी, पोस्ट मोठी आहे आणि थोडी चिडून लिहिलीये, आधीच सांगते.

वाशीत एका गॅलरीत सध्या आर्ट क्विल्टचं प्रदर्शन लागलंय, म्हणजे आपली गोधडीच, पण भिंतीवर टांगलेली आणि बाजूला किमतीची चिठ्ठी. जाऊबाईंना घेऊन गेले होते. प्रत्येक भिंतीपाशी कोणी ना कोणी म्हणत होतं, "अय्या, आमची आजी अगदी अश्शीच शिवायची, काय माया असायची त्यात!" आणि लगेच खालच्या आवाजात, "पण एवढे पैसे कशाचे?"

ही दोन वाक्यं जोडीनेच येतात बघा. माझं म्हणणं इतकंच की दुसरं पहिल्यातूनच येतं. एकदा गोधडीला माया, ऊब, आजीचा हात म्हटलं की विषय संपला, मायेचे पैसे कोण देतं आणि मायेखाली सही कोण करतं? कौतुकही झालं आणि खिशातून काही गेलंही नाही.

आता कामांबद्दल. एक निळी होती, निळीत बुडवलेल्या जुन्या धोतरांची, वरून पांढरा धावदोरा. लांबून नुसतं निळं कापड वाटतं, जवळ गेलं की कळतं की ऐरोलीच्या पुलावरून ओहोटीला दिसतो ना खाडीचा चिखल, त्यातले ते पाण्याचे फाटे, ते सगळं फक्त टाक्यांनी काढलंय. टाके दाट तिथे कापड दबतं, विरळ तिथे फुगतं आणि बाजूने लाइट पडला की सावल्या येतात, म्हणजे रंग न बदलता चित्र. मी तिथेच उभी राहिले बराच वेळ, जाऊबाई पुढे जाऊन परत आल्या तरी. दुसरी एक मशीनवर केलेली होती, मशीनचे दात खाली पाडून कापड हाताने फिरवत शिवतात तशी, शर्टांच्या कॉलर आणि खिसे तसेच ठेवून. तीही छान. एक मात्र पर्यावरण वाचवा टाइप होती, फ्लेक्सचे तुकडे जोडून, त्यापेक्षा पोस्टर छापलं असतं तरी चाललं असतं.

आमच्या सासूबाई सातारकडच्या. वाकळ शिवायला बसल्या की आधी जुनी लुगडी जमिनीवर पसरून नुसत्या बघत बसायच्या, शेजारणीशी वाद घालायच्या, "लालाशेजारी लाल नको गं, दोन्ही मरतात." टाका कडेने सुरू करून चौकोनात फिरत आत मध्यापर्यंत न्यायच्या, म्हणजे कापडाचे थर सरकत नाहीत, मध्ये फुगा येत नाही. हे डिझाइनच आहे हो, चक्क डोकं लावून केलेलं. पण घरात सगळ्यांनी माया माया केलं, रंगाबद्दल त्यांना कोणी एक प्रश्न विचारला नाही.

कर्नाटकात उत्तर कन्नड जिल्ह्यातल्या सिद्दी (मूळच्या आफ्रिकी वंशाच्या) बायका त्यांची कवंडी, म्हणजे त्यांची गोधडीच, अशीच कडेकडून मध्याकडे शिवतात आणि कोपऱ्यात घड्या घातलेले छोटे तुकडे लावतात, त्याला फुला म्हणतात, ते नसले तर कवंडी अपुरी. बघा, नियम आहेत, शैली आहे.

अमेरिकेत तर यावर पूर्ण रामायण झालंय. १९७१ ला न्यूयॉर्कच्या व्हिटनी म्युझियमने जुने क्विल्ट ॲब्स्ट्रॅक्ट पेंटिंगसारखे भिंतीवर लावले, वाहवा झाली, पण शिवणाऱ्या बायका बहुतेक निनावीच. त्याच म्युझियममध्ये २००२ ला अलाबामातल्या जीज बेंडच्या कृष्णवर्णीय बायकांचे क्विल्ट आले ते मात्र प्रत्येकीच्या नावानिशी, २००६ ला त्यावर टपाल तिकिटं निघाली, आणि २००७ मध्ये त्यातल्या काहीजणींनी पैशांवरून कोर्टात दावेही लावले (पुढे मिटले ते). मला हे दावे फार आवडले खरं सांगायचं तर. नाव लागलं की बाई हिशोब मागू शकते. त्याच्या शंभराहून जास्त वर्षं आधी हॅरिएट पॉवर्स नावाची गुलामगिरीतून सुटलेली बाई, तिने आपल्या बायबल क्विल्टचे १० डॉलर मागितले आणि ५ वर द्यावा लागला. तो आज अमेरिकेच्या स्मिथसोनियन म्युझियममध्ये आहे.

तर मुद्दा असा की आपल्या या प्रदर्शनात आर्टिस्टचं नाव मोठ्या अक्षरात, आणि त्या निळ्या कामाखाली बारीक अक्षरात काय, तर "स्थानिक महिलांच्या सहकार्याने". कोण महिला? ते हजारो टाके ज्यांनी घातले त्यांना नाव नाही? कल्पना आर्टिस्टची असेल, मान्य, पण त्या कामात टाका म्हणजेच चित्र आहे ना!

आणि आपणही काही कमी नाही. आमच्या कोपरखैरण्यात बिल्डिंगखाली "गोधडी शिवायचीये का" ओरडत बायका येतात, त्यांच्याशी आपण पन्नास रुपयांसाठी वाद घालतो आणि मग फेसबुकवर आजीच्या गोधडीची कविता टाकतो. त्यांच्याकडून शिवून घेतलीत तर नाव विचारा, कोपऱ्यात दोऱ्याने घालायला सांगा, त्या हसतील आधी, पण घालतील.

प्रदर्शन रविवारपर्यंत आहे, जा जरूर, त्या निळ्या कामासाठी तरी जा, आणि ते बाजूने बघा, समोरून नाही. काउंटरवरच्या मुलीला विचारा टाके कोणी घातले म्हणून. मला ती "टीमने" म्हणाली. अजून दहा-पंधरा जणांनी विचारलं तर चिठ्ठी बदलतीलही.