विषाणूला हातभार

विषाणूसारखा परावलंबी जीव दुसरा नाही. त्याला जीव म्हणावं की नाही यावरही शहाणी माणसं अजून वाद घालतात. पाय नाहीत, पंख नाहीत, तोंड नाही, पोट नाही. स्वतःचं पोर स्वतः जन्माला घालायचीही ऐपत नाही. दाराच्या कडीवर पडला की पडला, कुणी उचलून नेईपर्यंत तिथंच. काही तासांत कुणी फिरकलं नाही तर बिचारा वाया जातो. अशा निराधाराला आपण नाही तर कोण हात देणार? तशी घरोघरी मदत चालूच आहे, पण तिच्यात शिस्त नाही. म्हणून हे चार शब्द.

सर्दीपासून सुरुवात करू. सर्दी देणारे विषाणू बरेच, पण त्यातला सगळ्यात कष्टाळू म्हणजे ऱ्हायनोव्हायरस. त्याचे दीडशेहून जास्त प्रकार आहेत, त्यामुळे एकदा झाली, आता सुटलो, असं समजू नका. गणपतीतली सर्दी वेगळी, दिवाळीतली वेगळी. अंगानं साधारण ३० नॅनोमीटर, म्हणजे एका मिलिमीटरच्या जागेत ३३ हजार उभे राहतील, विरार लोकलमध्ये राहतात तसे.

तर हा ऑफिसातल्या हजेरीच्या यंत्रावर बसला आहे. तुमच्या आधी अंगठा लावून गेलेल्या साहेबांनी नुकतंच नाक पुसलं होतं. तुम्ही अंगठा टेकवा. यंत्र 'थँक यू' म्हणेल. ते कुणाच्या वतीनं म्हणतंय याचा विचार करू नका. आता हात धुवायला जायचं नाही, एवढं मात्र कटाक्षानं पाळा. जागेवर बसा आणि संगणक सुरू होईपर्यंत डोळा चोळत राहा. डोळ्यातून नाकात उतरायला निसर्गानंच नळी ठेवलेली आहे. अश्रू तिथूनच खाली जातात, त्यांच्याबरोबर हाही जाईल. फारच घाई असेल तर सरळ नाकात बोट घाला. कुणी बघत नसलं की आपण सगळेच घालतो, उगाच सभ्यपणा नको.

नाकातून सतत हवा खेळत असल्यामुळे तिथलं तापमान अंगापेक्षा कमी, ३३-३४ अंशांच्या घरात. या पाहुण्याला तेच मानवतं. आत शिरायची सोयही आपणच केलेली आहे. शरीरात कुठं गडबड झाली की पेशी आपल्या अंगावर आयकॅम-१ नावाचं एक प्रथिन उभं करतात. रक्तातल्या शिपायांना मदतीला येताना धरायला खुंटी असावी, हा हेतू. बहुतेक ऱ्हायनोव्हायरस नेमक्या त्याच खुंटीला लोंबकळून आत घुसतात. मग नाक सुजतं, आणि नाक सुजलं म्हणून पेशी शिपायांसाठी आणखी खुंट्या ठोकतात. इतकी कनवाळू व्यवस्था मी फक्त आमच्या सोसायटीत पाहिली आहे. तिथं चोरी झाल्यावर वॉचमनच्या सोयीसाठी मागचं फाटक रात्रभर उघडं ठेवायचा ठराव झाला होता.

आत गेल्यावर विषाणूजवळ असतं काय? एक चिठ्ठी. साधारण ७,२०० अक्षरांची. आपल्या पेशीत रायबोसोम नावाची यंत्रं असतात, कागदावर लिहिलं असेल ते प्रथिन बनवून देणारी. खऱ्या सरकारी कागदाच्या, म्हणजे केंद्रकातून आलेल्या आदेशाच्या, डोक्यावर एक रासायनिक टोपी असते. टोपी बघितल्याशिवाय कागद पुढं सरकत नाही. विषाणूच्या चिठ्ठीला टोपी नाही. मग तो टोपी नकली करत बसत नाही. टोपीवाल्या कागदांना यंत्रापर्यंत पोचवणारं जे कारकून-प्रथिन असतं, त्याचेच तो दोन तुकडे करतो. टोपीवाले कागद टेबलावर तुंबतात, आणि याची चिठ्ठी मागच्या दारानं थेट यंत्रावर चढते. ज्याच्या डोक्यावर टोपी नाही, त्यानं सगळ्या कचेरीला टोपी घातली! आठ-दहा तासांत नव्या विषाणूंची पहिली खेप तयार. सातबाऱ्यावरचं नाव दुरुस्त करायला ज्यांनी हेलपाटे घातलेत, त्यांना हे जीवशास्त्र वेगळं शिकवावं लागत नाही.

एवढं होऊनही हा विषाणू नाकाची फारशी नासधूस करत नाही. रक्तवाहिन्या फुगवणं, नळ सोडणं, घसा खवखवणं, डोकं जड होणं, हे बहुतेक सगळं आपल्याच शरीराचं कर्तृत्व. वरात विषाणूची, पण घोडा, बँड आणि फटाके आपल्या खर्चानं. आणि शिंक तर खास त्याला वाटेला लावण्यासाठीच. तेव्हा ती कोपरात शिंकून फुकट घालवू नका. उजव्या तळहातात घ्या आणि लगेच कुणाशी तरी हात मिळवा.

दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी नाकातून सर्वांत जास्त विषाणू बाहेर पडत असतात. म्हणून त्या दिवशी रजा अजिबात घ्यायची नाही. आजारपणात कामावर येणाऱ्याचं आपल्याकडे कौतुक होतं, ते वाया का घालवता? पोराला शाळेतही धाडा. वर्षाअखेर शंभर टक्के हजेरीचं प्रशस्तिपत्र मिळेल, आणि वर्गातल्या बाकीच्या चाळीस जणांना ते का मिळालं नाही हे कुणी विचारणार नाही. प्रवास करणाऱ्याचं महत्त्व फार जुनं आहे. १९१८च्या जूनमध्ये इन्फ्लुएंझा जहाजांतून मुंबई बंदरात उतरला. त्यालाही पाय नव्हते, पण आगगाडीला चाकं होती. काही महिन्यांत तो खेडोपाडी पोचला. आपल्याकडे त्या साथीला मानमोडी म्हणायचे. हिंदुस्थानात कोटीच्या वर माणसं गेली. माझ्या पणजीनं त्या वर्षाचं नाव कधी घेतलं नाही, नुसतं 'ते साल' म्हणायची.

असो. आता आईकडे वळू. ओल्या केसांनी बाहेर गेलास म्हणून सर्दी झाली, हे आईचं निदान मान्य करून टाका, म्हणजे हात धुण्याचा विषय निघत नाही. इंग्लंडात सॉल्सबरी गावाजवळ १९४६पासून चाळीसएक वर्षं सर्दीचं संशोधन केंद्र होतं. दहा दिवस फुकट राहा, जेवा, पत्ते खेळा, बदल्यात आम्ही नाकात थेंब टाकू, अशी जाहिरात. लोक सुट्टी घालवायला आनंदानं जायचे. तिथं काही स्वयंसेवकांना गरम पाण्यानं आंघोळ घालून ओलेत्यानंच गार बोळात उभं केलं, वर ओले मोजे घालून बसवलं. नुसतं कुडकुडून कुणाला सर्दी झाली नाही. ती झाली ज्यांच्या नाकात विषाणू टाकला होता त्यांच्यातल्या काहींना. हे मी आईला सांगितलं. ती म्हणाली, "ते साहेब. त्यांना सवय असते." पुढं उंदरांच्या पेशींवरच्या प्रयोगात असं दिसलं की गारव्यात पेशींचा बंदोबस्त जरा ढिला पडतो. म्हणजे आईला अर्धा मार्क द्यावा लागतो. तो तिला कळवू नका, पूर्ण समजेल.

चौथ्या दिवशी शेंबूड हिरवा होतो. हा रंग रक्तातल्या शिपायांच्या पोटातल्या एका हिरव्या द्रव्याचा. ते कामावर आलेत, एवढाच त्याचा अर्थ. पण तुम्ही घाबरा आणि औषधाच्या दुकानात जाऊन 'दादा, मागच्या वेळची ती लाल-काळी कॅप्सूल द्या' म्हणा. दादा चिठ्ठी मागणार नाही, त्याचाही धंदा आहे. अँटिबायोटिक ही जिवाणूंची भिंत पाडायची किंवा त्यांची यंत्रं बंद करायची औषधं. विषाणूला भिंत नाही आणि यंत्रं तर तुमचीच वापरतोय. त्यामुळे त्याला धक्का न लागता पोटातले कामाचे जिवाणू मात्र शिस्तीत मरतात. दोन दिवसांनी बरं वाटेल, कारण ते वाटणारच होतं. मग उरलेल्या गोळ्या फ्रिजवरच्या डब्यात टाका. पुढच्या वेळी शेजारणीला द्यायला बऱ्या पडतात.

लग्नसराईत नोरोव्हायरसला विसरू नका. उलट्या-जुलाबांचा हा विषाणू मोठा काटकसरी, शंभराहून कमी कणांत माणूस झोपवतो. हॉलच्या दाराशी सॅनिटायझरची बाटली ठेवली की यजमान निर्धास्त होतात, आणि हाही होतो. अल्कोहोल ज्यांच्या अंगावर चरबीचं आवरण असतं अशांना सोलून काढतं, याच्या अंगावर ते आवरणच नाही. साबण लावून वाहत्या पाण्याखाली हात चोळले तर हा मोरीतून निघून जातो. म्हणून बेसिनवर साबणाचा चपटा, भेगा पडलेला शेवटचा तुकडा आणि सकाळपासून दोनशे जणांनी हात पुसलेला एकच नॅपकिन, ही मांडणी बदलू नका.

पण या सगळ्यांत माझा लाडका वेगळाच आहे. लहानपणी तुम्हाला कांजिण्या आल्या असतील. खपल्या पडल्या, लिंबाच्या पाल्याच्या पाण्यानं आंघोळ झाली, घरानं सुटकेचा श्वास टाकला. विषाणू गेला नव्हता. तो मज्जातंतूंवरून चढत पाठीच्या कण्याशेजारच्या गाठीत जाऊन बसला, भाडं न देता, पन्नास-साठ वर्षं. वय झालं, शरीराचा पहारा थकला, की तो त्याच वाटेनं खाली उतरतो. एका बाजूच्या एकाच पट्ट्यात फोड. हीच नागीण.

आमच्या आत्याच्या कमरेला गेल्या सोमवारी उजव्या बाजूला आग व्हायला लागली. मंगळवारी फोड दिसले. या दुखण्यावर विषाणूची वाढ रोखणारं औषध आहे, पण फोड आल्यापासून ७२ तासांच्या आत सुरू केलं तर त्याचा खरा उपयोग. नंतर महिनोन् महिने जळजळत राहणारी नस फार वाईट. तेव्हा हे ७२ तास नीट घालवणं महत्त्वाचं. आम्ही घालवले. पहिला दिवस ती पित्ताची आहे की उष्णतेची या चर्चेत गेला. बुधवारी शेजारच्या काकू आल्या, पदर बाजूला सारून बघितलं आणि म्हणाल्या, "अहो ताई, ही तर नागीण. तोंड आणि शेपूट जुळू देऊ नका, कमरेला वेढा पूर्ण झाला की माणूस राहत नाही." वेढा पूर्ण होणार कसा? उजवीकडची नस मणक्यापासून निघून पोटाच्या मध्यावर संपते, डावीकडची वेगळी, तिचं भाडं वेगळं. मी हे सांगितलं. काकूंनी माझ्याकडे न बघता गेरू मागवला.

गुरुवारी गेरूचा लेप. शुक्रवारी मंत्र घालणाऱ्याला निरोप गेला, तो बाहेरगावी होता. शनिवारी डॉक्टर. त्यांनी घड्याळाकडे बघितलं, मग कॅलेंडरकडे, मग माझ्याकडे. मी भिंतीवरचा लसीकरणाचा तक्ता वाचत होतो.

आज रविवार. आत्या पलंगावर डाव्या कुशीवर, परकराची नाडी सैल करून पडली आहे. काकू नागीण कुठवर सरकली ते बघायला पुन्हा आल्या आहेत, सोबत तीन वर्षांच्या नातवाला घेऊन. त्याला लस दिलेली नाही आणि कांजिण्या अजून आलेल्या नाहीत. नातू पलंगाच्या कडेला हनुवटी टेकवून उभा आहे.

"कुठंय नागीण, आजी?"

"ही काय," काकू म्हणाल्या आणि त्याला नीट दिसावं म्हणून उचलून घेतलं. "हात लाव, काही नाही करत."