गोठा सोडून कसं जायचं?

इंडोनेशियातल्या मेरापी ज्वालामुखीचा एखादा व्हिडिओ अधूनमधून आपल्या ग्रुपवर येऊन पडतो. डोंगरावरून करड्या धुराचा लोट घरंगळत खाली येतोय आणि खालच्या रस्त्यावर गाड्या लावून लोक बघत उभे आहेत. की लगेच कुणीतरी विचारतंच, "ही माणसं तिथं राहतातच कशाला?" मग हसण्याच्या इमोजी, अडाणीपणावर दोन वाक्यं, आणि विषय संपतो.

मी मेरापीच्या उतारावर जाऊन आलेय आणि माझं माहेर शिरोळ तालुक्यात, कृष्णेच्या काठावर आहे. त्यामुळे हा प्रश्न वाचला की माझं डोकं फिरतं. माझ्यापुरतं याचं उत्तर साधं आहे. ती माणसं तिथं राहतात कारण त्यांच्या गायी तिथं आहेत. आणि धोक्याचा इशारा मिळूनही हलत नाहीत, तेही बऱ्याचदा गायींपायीच.

मेरापी आहे जावा बेटावर, योग्याकार्ता शहराच्या उत्तरेला, जेमतेम तीस किलोमीटरवर. जगातल्या सगळ्यात जागत्या ज्वालामुखींपैकी एक. त्याच्या कुशीत वरपर्यंत गावं आहेत. खालच्या अंगाला भात, मग सलाकच्या बागा (खवल्यांच्या सालीचं, जरा तुरट फळ), आणि त्याहून वर गवत. राखेची जमीन, पाऊस भरपूर, म्हणून वैरणीला तोटा नाही. चांक्रिंगान भागातल्या कितीतरी घरांचा संसार दुधावर चालतो. सकाळी गवत कापायला वर जायचं, भारा घेऊन खाली यायचं, धार काढायची, दूध संकलनाला घालायचं. भारा वाहणाऱ्या बायका बघून मला एकदम घरची आठवण झाली. एवढंच की आमच्याकडं भारा डोक्यावर असतो आणि त्यांच्याकडं पाठीवर.

उद्रेक झाला की नद्यांमधून वाळू येते, ती उपसायलाही माणसं लागतात. म्हणजे डोंगर घेतो तसा देतोही. हे सगळं त्यांना चांगलं ठाऊक असतं. १९३० च्या उद्रेकात तेराशेहून जास्त माणसं गेली. १९९४ च्या नोव्हेंबरात तुर्गो गावात लग्न चालू असताना तप्त राखेचा लोट आला, साठहून जास्त लोक गेले. हे त्या गावांत कुणाला सांगावं लागत नाही. लोटाला ते लोक "वेधुस गेंबेल" म्हणतात, म्हणजे झिपऱ्या लोकरीची मेंढी. रोजच्या पाहण्यातल्या गोष्टीलाच माणूस असं घरगुती नाव देतो.

आता २०१० कडे येऊ, कारण "अडाणी" म्हणणाऱ्यांचा सगळा भर त्या वर्षावर असतो. मेरापीचा रखवालदार म्हणून योग्याकार्ताच्या सुलतानानं नेमलेला एक म्हातारा होता, म्बाह मारिजान. राजवाड्यातर्फे डोंगराला दरवर्षी नैवेद्य जातो, तो विधी त्याच्याकडं. २००६ मध्ये सरकारनं गाव रिकामं करायला सांगितलं, हा बाबा हलला नाही आणि वाचला. मग काय, देशभर नाव झालं. एका एनर्जी ड्रिंकच्या जाहिरातीतही झळकला. २०१० च्या ऑक्टोबरात डोंगर पुन्हा फुगायला लागला. २५ तारखेला सर्वोच्च इशारा दिला गेला. मारिजान याही वेळी बसून राहिला. २६ ला संध्याकाळी लोट आला आणि त्याच्या वाडीत तो आणि तीसेक माणसं गेली. त्याचं मन वळवायला वर गेलेला एक मदतकर्मी आणि एक पत्रकार त्यातच होते.

या गोष्टीवरून लोक अंधश्रद्धेचा धडा काढतात. मला त्यात २००६ सालाचा धडा जास्त महत्त्वाचा वाटतो. एकदा इशारा ऐकून घर सोडलं, परत आलो, काही झालं नव्हतं, मधल्या काळात दूध मात्र बुडालं. ज्यानं ऐकलं नाही तो टीव्हीवर. पुढच्या वेळी कुणाचं ऐकायचं? देव मानणारा असो की न मानणारा, हा हिशेब कुणीही करेल. आमच्या गावात २००५ चा पूर बघितलेले जाणते लोक २०१९ मध्ये हेच सांगत होते, "तवा इथवर आलं नव्हतं." त्यांच्याकडं कुठला सुलतान नव्हता.

पण २०१० ची खरी गोष्ट मारिजानच्या पुढं सुरू होते आणि ती व्हायरल होत नाही. उद्रेक थांबला नाही, वाढत गेला. धोक्याचा पट्टा दहा किलोमीटरवरून पंधरावर नेला, आणि ५ नोव्हेंबरला मध्यरात्रीनंतर वीसवर. त्याच रात्री गेंदोल नदीच्या पात्रातून लोट पंधराएक किलोमीटर खाली आला. सगळे मिळून साडेतीनशेच्या आसपास माणसं गेली. साडेतीन लाखांहून जास्त लोकांना हलवलं होतं. सुरोनो नावाचे शास्त्रज्ञ तेव्हा तिथल्या ज्वालामुखी केंद्राचे प्रमुख होते. लोक त्यांना लाडानं म्बाह रोनो म्हणायला लागले, म्हणजे मारिजानसारखंच म्बाह, आजोबा. त्यांच्या आणि सहकाऱ्यांच्या अंदाजानं वेळेवर हलवल्यामुळे दहा ते वीस हजार जीव वाचले.

या दिवसांत छावण्यांतली माणसं सकाळी गुपचूप वर जायची. बंदी असताना, पोलिसांचा डोळा चुकवून. कशाला? वैरण टाकायला, धार काढायला. दुभत्या जनावराची धार चुकली तर काय होतं हे गोठा असलेल्याला सांगायला नको. कास दगडासारखी होते, जनावर तापानं फणफणतं. त्यात गाय कर्जावर घेतलेली. छावणीत भात मिळत होता, अंथरूण मिळत होतं, डॉक्टर होते. गायीचा मात्र कुठल्याच यादीत उल्लेख नव्हता. शेवटी राष्ट्राध्यक्षांना जाहीर करावं लागलं की सरकार गुरं विकत घेईल, तुम्ही वर जाऊ नका. तोवर बऱ्याच गायी होरपळून गेल्या होत्या.

वर आता एक छोटं संग्रहालय आहे, एका जळक्या घरातच केलेलं. नाव "माझ्या मालमत्तेतलं जे उरलं ते" अशा अर्थाचं. वितळलेल्या बाटल्या, बाराच्या सुमाराला थांबलेलं घड्याळ. पर्यटक घड्याळाचे फोटो काढतात. दाराशी गायीचा अख्खा सांगाडा उभा आहे. त्या घरानं आपल्या मालमत्तेत काय धरलं होतं हे तिथं दिसतं.

उद्रेकानंतर वरच्या वाड्यांना खाली पक्की घरं दिली. बरेच जण आले, पण जमीन वरच ठेवून, रोज वर जाऊन कसतात. श्रुनेन, कालितेंगाह लोर अशा काही वाड्यांनी साफ नकार दिला. आता यांना हट्टी म्हणायचं का? थांबा. नोव्हेंबर २०२० मध्ये इशारा एक पायरी वर गेला तेव्हा कालितेंगाह लोरची म्हातारी माणसं, लेकुरवाळ्या बायका खाली आल्या, आणि त्यांच्यामागं गायी पण आल्या, कारण खाली तात्पुरते गोठे बांधले होते. मधल्या काळात मागेलांगच्या बाजूला (मेरापीच्या पश्चिमेचा जिल्हा) गावांच्या जोड्याही लावल्या गेल्या होत्या. वरचं अमुक गाव धोका आला की खालच्या तमुक गावात जाणार, आधीच ठरलेलं. माणसं तीच, डोंगर तोच. गायीची सोय झाली आणि हट्ट पातळ झाला.

सगळीकडं असंच असतं असं म्हणत नाही. कोलंबियातलं आर्मेरो बघा. १३ नोव्हेंबर १९८५. नेवादो देल रुइस फुटला, माथ्यावरचं बर्फ वितळलं आणि चिखलाचा लोंढा साधारण सत्तर किलोमीटर नदीतून येऊन रात्री साडेअकराच्या सुमाराला गावावर आदळला. सुमारे तेवीस हजार माणसं गेली. धोक्याचा नकाशा महिनाभर आधीच तयार होता, आर्मेरो त्यात धोक्याच्या पट्ट्यात होतं. उद्रेकानंतर लोंढा यायला दोन तास लागले आणि उंच जमीन चालत जाण्याच्या अंतरावर होती. संध्याकाळी राख पडत असताना लोकांना घरात शांत बसायला सांगितलं गेलं. तिथं कोण हट्टी होतं? लोक निघाले असते. निघा म्हणायची जबाबदारी कुणी घेतली नाही. पण या दोन्ही गोष्टींत नंतर दोष मात्र एकाच दाराशी टाकला जातो, तिथं राहणाऱ्याच्या.

२०१९ चा ऑगस्ट. कोल्हापूरच्या राजाराम बंधाऱ्यावर पंचगंगेची धोका पातळी ४३ फूट, पाणी गेलं ५५ च्या वर. शिरोळ तालुका म्हणजे बशीचा तळ, पंचगंगा-कृष्णेचं पाणी इथं येऊन तुंबतं. बोटी आल्या तेव्हा टीव्हीवर चाललं होतं की लोक बोटीत बसायला तयार नाहीत. खरं होतं ते. आई बसली, बाबा नाही बसले. बोटीत म्हैस बसत नाही. चांगल्या म्हशीची किंमत लाखाच्या घरात, पुन्हा विमा उतरवलेला नसतो. दावं सोडून द्या म्हणे, पोहतील! बांधल्या जागी जगलेलं जनावर त्या ओढीत कुठवर पोहणार? बाबा मागल्या बाजूच्या उंचवट्यावर ताडपत्री बांधून म्हशींबरोबर राहिले. फोन लागला की त्यांचं एकच, "तू जेवलीस का? हिकडं कडबा संपत आलाय."

आता कुणी म्हणेल, बाई, माणसाचा जीव मोठा की म्हशीचा? हा प्रश्न ज्याच्या घरात पगार येतो त्याला सुचतो. तुम्हाला कुणी सांगितलं की लगेच बाहेर पडा, पण परत याल तेव्हा नोकरी नसेल, बँकेतले पैसे नसतील, आणि हे सगळं कदाचित काहीच न होण्यासाठी, तर तुम्ही किती झटपट निघाल?

आणि आमच्याकडंही उत्तर सापडलेलं आहे, जावा बेटावर जायची गरज नाही. कोल्हापूरजवळची प्रयाग चिखली आणि आंबेवाडी ही गावं पाणी चढायला लागलं की सोनतळीला जातात, जनावरांसकट. ट्रॉलीत कडबा, मागं म्हशी, दुचाकीवर किटल्या. वरातीसारखं दिसतं ते. पाणी दारात यायची वाट न बघता पातळी बघून निघतात. जायला जागा आहे आणि तिथं जनावर बांधता येतं, एवढ्यानं केवढा फरक पडतो.

म्हणून मला सायरन, ड्रोन, मोबाईलवरचे इशारे यांच्या बातम्या वाचून आनंदाच्या फार उकळ्या फुटत नाहीत. चांगलंच आहे ते, सुरोनोंसारखी माणसं नसती तर मेरापीखाली मुडद्यांचा खच पडला असता. पण मान्सूनपूर्व आढावा बैठकीत बोटी किती, लाईफ जॅकेटं किती, हे विचारतात, तसंच गावात म्हशी किती, त्या कुठल्या गावच्या कुठल्या शेडमध्ये जाणार, कडबा कुणाचा, छावणीतलं दूध कुठली गाडी उचलणार, हेही विचारा की. संकलन चालू राहिलं तर आठवड्याचं बिल बुडत नाही. बिल बुडत नसेल तर माणूस चौथ्या दिवशी कमरेएवढ्या पाण्यातून मागं जात नाही. पत्रकात याला फारतर "पशुधन" म्हणून शेवटची एक ओळ मिळते.

शिरोळ, करवीर, पलूस, वाळवा भागातले कोण वाचत असाल तर एक सांगा. २०१९ च्या आणि २०२१ च्या पुरात तुमच्या जनावरांची सोय नेमकी कुणी केली होती? ग्रामपंचायतीनं, दूध संस्थेनं, साखर कारखान्यानं, की पाहुण्यांनी? वैरण कुठून आली? खाली लिहा, गावाच्या नावासकट. मी यादी करतेय.