ग्रुपवर टाकले म्हणजे कळवले का?

२०२५च्या डिसेंबरातली गोष्ट. स्टुटगार्टला संध्याकाळचे साडेसहा, म्हणजे नागपुरात रात्रीचे अकरा. मानेवाड्याच्या घरी, सरकारी कार्यालयात नोकरी करणाऱ्या माझ्या वहिनी ओटा आवरता आवरता माझ्याशी व्हिडिओ कॉलवर बोलत होत्या. मधेच कार्यालयाच्या व्हॉट्सॲप ग्रुपकडे त्यांचे लक्ष गेले. "थांबा भाऊजी, ग्रुपवर काही येऊन राहिलं. तारांकित प्रश्नाची माहिती मागितली आहे. विहित नमुन्यात, सकाळी आठपर्यंत. निरंक असेल तरी निरंक कळवा म्हणते." तारांकित प्रश्न म्हणजे आमदाराने विचारलेला, मंत्र्याने सभागृहात तोंडी उत्तर द्यायचा प्रश्न. मग फोन ठेवून त्यांनी लॅपटॉप काढला. दादाने दुसऱ्या दिवशी सांगितले की दीड वाजेपर्यंत दिवा सुरू होता.

१९५३च्या नागपूर करारामुळे सरकार वर्षातून एकदा विधिमंडळाच्या अधिवेशनासाठी आमच्या गावात येते, आणि त्याचा मला लहानपणापासून अभिमान आहे. पण अधिवेशनाच्या दिवसांत ज्यांचे फोन रात्रभर वाजतात त्या लिपिकांचा आणि वरिष्ठ सहायकांचा विचार मी परदेशी येईपर्यंत कधी केला नव्हता.

त्याच महिन्यात लोकसभेत सुप्रिया सुळे यांनी कामाच्या वेळेनंतर फोन न उचलण्याचा हक्क मागणारे खासगी विधेयक, म्हणजे मंत्री नसलेल्या खासदाराचे विधेयक, पुन्हा मांडले. असे विधेयक त्यांनी २०१८मध्येही मांडले होते, आणि नियम मोडणाऱ्या कंपनीला एकूण पगाराच्या १ टक्का दंड त्यात सुचवला होता. स्वातंत्र्यानंतर अशी खासगी विधेयके फक्त १४ मंजूर झाली, शेवटचे १९७० साली. त्यामुळे कायदा होईल अशी आशा फारशी कोणी धरत नाही. वाद मात्र जोरात झाला. माझ्या शाळेतल्या मित्रांतही झाला. हिंगण्याला ज्याचा लहान कारखाना आहे तो म्हणाला, "गिऱ्हाइकाचा फोन सहानंतर उचलायचा नाही, तर ऑर्डर शेजारचा घेऊन जाईल." मिहान या नागपूरच्या उद्योग क्षेत्रात नोकरी करणारी मैत्रीण म्हणाली, "मुलीला झोपवताना माझा एक हात फोनवरच असतो." दोघेही खरे बोलत होते. फ्रान्समध्ये हा हक्क २०१७पासून आहे, ऑस्ट्रेलियात ऑगस्ट २०२४पासून, हे दाखले मीही दिले. पण बोलता बोलता मला जाणवले की आपण सगळे घड्याळाभोवती फिरतो आहोत. माझे दुखणे दुसरेच आहे.

वहिनींचे टेबल, म्हणजे नेमून दिलेले काम, बदलले तेव्हाचे सांगतो. कार्यालयाचे नाव घेत नाही. नऊ वर्षे त्या एकच विषय सांभाळत होत्या. एका रात्री पावणेबाराला ग्रुपवर पीडीएफ आली, त्यात अकरा जणांची टेबले बदललेली. वहिनी झोपल्या होत्या. पहाटे दूध तापवताना त्यांनी फोन उघडला, पण रात्रीच्या पन्नास मेसेजमध्ये ती पीडीएफ वर सरकून गेली होती. कार्यालयात गेल्या तर खुर्चीवर दुसरी बाई बसलेली, कपाटाची किल्ली मागत होती. साहेबांचे उत्तर इतकेच: "ग्रुपवर टाकलं होतं. तुमची ब्ल्यू टिक दिसते." त्या पीडीएफखाली एकापाठोपाठ एक 'ओके सर' पडलेले होते. ज्यांची टेबले गेली त्यांनीही 'ओके सर' लिहिले होते. सगळ्यांच्या देखत दुसरे काय लिहिणार?

उशिरा आलेला मेसेज हा छळ आहेच. पण मला त्याहून जास्त टोचते ते हे, की माणसाच्या कामात बदल करायचा तर त्याला आधी विचारायचे, निदान समोर बसवून सांगायचे, ही पद्धत ग्रुपने गिळली. पूर्वी आदेश टपालात यायचा, त्याला जावक क्रमांक असायचा, तो हातात घेऊन माणूस साहेबांच्या दालनात जायचा आणि दार लावून बोलायचा. आता सांगणारा एक, ऐकणारे साठ, आणि बोलायची जागा अशी की बोलले की साठ जणांना दिसते.

माझे आजोबा एम्प्रेस मिलमध्ये होते. १८७७ साली सुरू झालेली ती गिरणी २००२मध्ये बंद झाली आणि आता तिथे मॉल उभा आहे. आजोबा सांगायचे, पाळी बदलायची असली की गेटवर नोटीस लागे. ज्याला वाचता येई तो मोठ्याने वाचे, बाकीचे भोवती उभे राहत, आणि तिथेच शिव्या, शंका, हिशेब सगळे होई. जॉबरला, म्हणजे मुकादमाला, ते ऐकावेच लागे. गिरणीतले दिवस सोन्याचे होते असे मी म्हणत नाही, आजोबांची छाती कापसाच्या धुळीने गेली. पण नोटीस वाचल्यावर माणसे एकमेकांकडे बघत तरी होती.

आता इथले सांगतो. मी यंत्रे बनवणाऱ्या एका कारखान्यात नियोजन विभागात आहे. २०२२ साली व्यवस्थापनाला सगळ्यांसाठी चॅटचे नवे सॉफ्टवेअर आणायचे होते. मला वाटले, सोमवारी लिंक येईल. आले पाच महिन्यांनी. कारण इथे कामगारांनी निवडून दिलेली कामगार परिषद असते, बेट्रीब्सराट म्हणतात तिला, आणि १९७२च्या कायद्याप्रमाणे कामावर लक्ष ठेवू शकेल असे कोणतेही यंत्र किंवा सॉफ्टवेअर तिच्या संमतीशिवाय बसवता येत नाही. नावापुढचा हिरवा ठिपका पाहून कोण किती वेळ जागेवर होते याचा हिशेब काढायचा नाही, हे परिषदेशी झालेल्या करारात कागदावर आले. पाळी, रजा, बदली या गोष्टी चॅटवर कळवायच्या नाहीत, हेही आले. तेव्हा मी फार चिडलो होतो. एवढ्याशा गोष्टीला पाच महिने! माझ्या डोक्यात नागपूरच होते, जिथे ग्रुप बनवायला पाच मिनिटे लागतात.

इथे सगळे आलबेल आहे असे नाही. रात्री मेसेज करू नये असा वेगळा कायदा जर्मनीत नाहीच. एका दिवसाचे काम संपल्यापासून दुसऱ्या दिवसाचे सुरू होईपर्यंत सलग अकरा तासांची विश्रांती हवी, या जुन्या नियमावर बरेचसे भागते. कामगार परिषदही प्रत्येक ठिकाणी नसते. आणि एकटेपणा आहे. मागच्या हिवाळ्यात मी तीन आठवडे आजारी होतो, कार्यालयातून एकाही माणसाचा फोन आला नाही. रजेवरच्या माणसाला त्रास देऊ नये हा त्यांचा संस्कार. मला तेव्हा सतत नागपूर आठवत होते.

कारण एप्रिल २०२१मध्ये, शहरात खाट मिळत नव्हती तेव्हा, वहिनींच्या आईसाठी ऑक्सिजनची खाट याच ग्रुपने शोधली. रात्री दोन वाजता. कुणाचा मेहुणा, कुणाचा शेजारी, कुणाच्या ओळखीचा वॉर्डबॉय, असे करत पहाटेपर्यंत जागा मिळाली. त्या वाचल्या. म्हणून ग्रुप बंद करा असे माझ्या तोंडून कधी निघणार नाही. ज्या ग्रुपने जीव वाचवला त्याच ग्रुपवर माणसाचे टेबल काढून घेतले जाते, याचे मला वाईट वाटते.

आणि यासाठी जर्मनीकडे बघायचीही गरज नाही. आपल्या १९४७च्या औद्योगिक विवाद कायद्यात शंभर किंवा अधिक कामगारांच्या आस्थापनेत मालक आणि कामगार दोघांच्या प्रतिनिधींची कार्य समिती नेमता येते, आणि कामाचे तास, पाळ्या अशा ठरावीक सेवाशर्ती बदलायच्या तर २१ दिवस आधी नोटीस द्यावी लागते, हे दोन्ही होते. २१ नोव्हेंबर २०२५पासून लागू झालेल्या औद्योगिक संबंध संहितेतही या तरतुदी आहेत. सरकारी कर्मचाऱ्यांचे सेवानियम निराळे, वहिनींना त्याचा थेट उपयोग नाही, हे मला ठाऊक आहे. पण बदल सांगून करावा ही कल्पना आपल्या घरची आहे. जुलै २०२५मध्ये राज्य सरकारने कर्मचाऱ्यांच्या समाजमाध्यम वापराबद्दल परिपत्रक काढले, त्यात समन्वयासाठी व्हॉट्सॲप वापरायला मुभा आहे, आणि भर कर्मचाऱ्याने काय लिहू नये यावर आहे. वरिष्ठाने तिथे काय लिहू नये, यावर तेवढाच भर देणारे पानही मला वाचायचे आहे.

न विचारता लादलेल्या साधनाचे काय होते ते ऑगस्ट २०२१मध्ये दिसले. राज्यभरातल्या अंगणवाडी सेविकांनी सरकारने दिलेले मोबाइल परत केले. फोन अडकायचा, आणि बालकांच्या पोषणाची नोंद करायचे पोषण ट्रॅकर ॲप इंग्रजीत होते. कामाला त्यांचा नकार नव्हता. पण बाळाचे वजन घेणाऱ्या बाईला 'तुम्हाला हे वाचता येईल का' एवढे आधी विचारले असते, तर त्या फोन परत करण्यापर्यंत आल्या असत्या असे मला वाटत नाही.

परवा वहिनींनी विचारले, "भाऊजी, तुमच्या तिकडचा तो कागद मराठीत लिहून पाठवता का?" म्हणजे आमच्या कारखान्यातला चॅटबद्दलचा करार. मी चौदा पाने बसून उतरवली. त्यांनी आणि टेबल बदललेल्या तिघींनी ती वाचून बाजूला ठेवली आणि स्वतःचा अर्धा पानाचा अर्ज लिहिला: टेबल, रजा आणि बदली यांचे आदेश टपालाने मिळावेत, बदलाआधी संबंधिताला बोलावून घ्यावे, रात्री नऊनंतर अधिवेशनाखेरीज माहिती मागवू नये. 'अधिवेशनाखेरीज' हा शब्द त्यांनीच घातला, मी नको म्हणत होतो. "ते आपलं कामच आहे," वहिनी म्हणाल्या, "तेवढे दिवस आम्ही जागतो."

अर्ज त्यांनी ग्रुपवर टाकला नाही. टपालात दिला आणि आवक क्रमांक घेतला.