पौषातली वाट

गंगापूर रोडच्या नव्या फ्लॅटमध्ये राहायला आलो तेव्हा सगळ्यात जास्त वेळ आणि पैसा गेला तो देवघरावर. सागवानी, कोरीव खांबांचं, आत दडवलेले दिवे. पूजेला बसले की माझी नजर आधी नक्षीकडे जायची. धूळ बसलीय का, पॉलिशला ओरखडा पडलाय का. तीन वर्षं रोज तिथे बसले, आणि एकदाही कंठ दाटून आला नाही.

यंदा पौष वद्य एकादशीला निवृत्तिनाथांच्या यात्रेला त्र्यंबकेश्वरला पायी गेले. नाशिकहून तीसेक किलोमीटर. सातपूर मागे पडलं आणि निफाडकडच्या एका दिंडीत मिसळले. थंडी अशी की टाळ हातात धरवत नव्हते.

शेजारी एक द्राक्षबागायतदार बाबा चालत होते. निफाडची थंडी तुम्हाला माहीतच आहे. पारा फार खाली गेला की मणी तडकतात, म्हणून रात्री बागेत शेकोट्या पेटवाव्या लागतात. ऐन हंगाम, वर्षभराचा खर्च वेलीवर लटकलेला. मी विचारलं, "बाबा, अशा वेळी बाग सोडून आलात?"

"धाकला हाय ना बागेत. आन् माउली, एवढे चार दिवस मी बागेचा नसतो."

रात्री मुक्कामाला त्यांनी मुलाला फोन लावला, "पारा किती?" एवढंच विचारलं, फोन बंडीच्या खिशात टाकला आणि हरिपाठाला उभे राहिले. काळजी संपली नव्हती, चेहऱ्यावर दिसत होती. पण पहिली टाळी पडली आणि तोच चेहरा उजळला. मीही उभी राहिले. शब्द पाठ नव्हते, पुढच्या बाईच्या ओठांकडे बघत म्हणत होते. मध्येच कधीतरी लक्षात आलं, आपण रडतोय, आणि इतकं हलकं आपल्याला कित्येक वर्षांत वाटलं नव्हतं.

गरिबीतच देव भेटतो, असं मला मुळीच म्हणायचं नाही. कर्जाने पिचलेल्या माणसाला मोह सोडायला सांगणं क्रूरपणा आहे. बाग वाचायलाच हवी. मी बोलतेय ते माझ्यासारख्यांबद्दल, ज्यांनी देवालाही घरातल्या सामानात मांडून ठेवलंय.

निवृत्तिनाथांकडे काय होतं? संन्याशाचं पोर म्हणून समाजाने वाळीत टाकलेलं. ब्रह्मगिरीच्या प्रदक्षिणेत आईवडिलांपासून चुकले आणि गुहेत गहिनीनाथ भेटले, असं परंपरा सांगते. तिथे जे मिळालं ते त्यांनी धाकट्या भावाला, ज्ञानोबांना दिलं. देऊन ते तसूभरही कमी झालं नाही. माझ्या घरातली कुठली वस्तू अशी आहे?

देवाला मालकीचा मानला की काय होतं तेही आपल्याच गावाने पाहिलंय. २ मार्च १९३० ला बाबासाहेबांनी काळाराम मंदिराचा सत्याग्रह सुरू केला, तो पाच वर्षांहून जास्त चालला, तरी दार उघडलं नाही. आतल्यांकडे देऊळ होतं, मूर्ती होती, दागिने होते. मला राहून राहून वाटतं, त्या बंद दाराआड आनंद मात्र नसणार.

आता संध्याकाळी देवघरातले दिवे लावत नाही, निरांजन लावते. हरिपाठ अजून पुस्तकात बघूनच म्हणते. परवा बाबांचा फोन आला. मी घाईने विचारलं, "बाग कशी आहे?"

"थोडे मणी तडकले, बाकी बरी हाय," म्हणाले. "तुमचा हरिपाठ चालू हाय ना, माउली?"